कीव आणि कळवळा

रोजच्या बोलण्यात आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण शुभवर्तमानात कुष्ठरोग्याला पाहून येशूला येतो तो कळवळा. तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपण ‘आतडं पिळवटलं’ म्हणतो, तसाच. आणि त्या कळवळ्यापाठोपाठ येशू हात पुढे करून त्याला शिवतो. रोग अजून अंगावर असताना, बरं करण्याआधी.

कीव करणारा देतो आणि निघतो. देणं वाईट नाहीच, उपाशी माणसाला आधी भाकरी हवी. पण देणारा उंबऱ्याच्या आत, घेणारा बाहेर, आणि दिल्यानंतरही दोघं तिथंच.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना उभा केला. कुष्ठरुग्णांवरही मिरजेत वर्षानुवर्षं उपचार होत आले. औषधाने रोग जातो, पंगतीतली जागा मात्र गावालाच द्यावी लागते. आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या जेवणाला अशीच एक बरी झालेली म्हातारी यायची. बोटं झडलेली. ती पायरीवर बसायची. आम्ही ताट तिथंच नेऊन द्यायचो, दोन वाढे जास्त घालायचो आणि समाधानाने आत यायचो. एका वर्षी पाळकांच्या पत्नीने तिला आत नेऊन पावट्याच्या शेंगा सोलायला बसवलं. दोन तळव्यांत शेंग दाबून ती फोडायची. त्याच दाण्यांची उसळ पानात आली तेव्हा काहींचे हात घासाशी थबकले. माझाही थबकला.

फरक मला तिथं कळला. कीव नुसती देते, कळवळा समोरच्याच्या हातून घेतोही. ‘हातचं पाणी चालतं का’ हा प्रश्न आपल्या मुलखाला काही नवा नाही. सूखारच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागतो. येशू यहुदी, आणि यहुदी तर शोमरोन्यांशी संबंधच ठेवत नसत. लोकांनी पापी ठरवलेल्या जक्कय जकातदारालाही तो सांगतो, आज तुझ्या घरी उतरणार. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांची वाट वेगळी होती, पण पंगतीचं मोल त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

पुढच्या नाताळला म्हातारी कुणी बोलवायच्या आधीच आली. परातीसमोर बसली आणि निम्म्या शेंगा पोचट आणल्या म्हणून आम्हालाच रागावली.