होकायंत्र-संवेदक : बोटीच्या ऑटोपायलटसाठी

बोटीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे चुंबकीय उत्तरेच्या संदर्भात मोजून ती माहिती विद्युत् संकेताच्या रूपाने ऑटोपायलटला पुरवणारे साधन. ठरवलेली दिशा आणि प्रत्यक्ष दिशा यांतील फरक पाहून ऑटोपायलट सुकाणू फिरवतो. त्यामुळे संवेदकाची प्रत्येक चूक बोटीच्या मार्गात उतरते.

सध्याच्या बहुतेक संवेदकांचा पूर्वज फ्लक्सगेट, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे एक विद्युत् साधन होय. त्याच्या शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. जर्मनीत आशेनब्रेनर व गोबाऊ यांनी १९३६ मध्ये या तत्त्वावरील चुंबकत्वमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकी लेखनात मात्र हे श्रेय बहुधा गल्फ या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील व्हिक्टर वाकिए यांना दिलेले आढळते. त्यांचे काम १९४० च्या आसपासचे असून ते विमानातून पाणबुड्या शोधण्यासाठी वापरले गेले. छापील पुरावा पाहता जर्मन काम आधीचे ठरते. तरी दोन्हीकडे स्वतंत्रपणे शोध लागला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. दुसऱ्या महायुद्धात बेंडिक्स कंपनीच्या होकायंत्रामुळे हे तत्त्व अमेरिकी बाँबफेकी विमानांत आले. त्यात संवेदक पंखात, लोखंड व तारांपासून दूर असे, आणि तबकडी कर्मचाऱ्यांसमोर. मोजण्याची जागा वाचण्याच्या जागेपासून वेगळी करण्याची ही सोय बोटीवर सर्वांत मोलाची आहे.

फ्लक्सगेटमध्ये मऊ चुंबकीय मिश्रधातूचा गाभा प्रत्यावर्ती प्रवाहाने आळीपाळीने दोन्ही दिशांना संपृक्त, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरलेला, केला जातो. बाहेरच्या क्षेत्रामुळे हा समतोल ढळतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो. मात्र वेटोळी समपातळीत राहिली तरच दिशा खरी येते. म्हणून जुन्या संवेदकांत ती लोंबकळती ठेवत. बोट वळताना लोंबकळता भाग कलतो आणि क्षेत्राचा उभा घटक मोजणीत शिरतो. तोंड उत्तर-दक्षिण असताना ही चूक सर्वाधिक असून ती कलाच्या कोनाला नतिकोनाच्या (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडव्या पातळीशी करते त्या कोनाच्या) टॅन्जंटने गुणल्याइतकी येते. मुंबईजवळ नतिकोन सुमारे २६ अंश, म्हणून एक अंश कलाने अर्ध्या अंशाची चूक होते. ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर तो सुमारे ६६ अंश असल्याने तेवढ्याच कलाने सव्वादोन अंशांची होते. लाटांत साधा फ्लक्सगेट उत्तरेत अधिक चुकतो तो यामुळे.

या कारणाने आता तीन अक्षांचा चुंबकीय संवेदक, त्वरणमापक आणि वळण्याचा वेग मोजणारा जायरो एकाच डबीत असलेला प्रकार घ्यावा. झटपट बदल जायरो सांगतो. हळूहळू साचणारी त्याची चूक चुंबकीय मोजणी दुरुस्त करते. दिशेचे आकडे सेकंदाला निदान दहा वेळा यावेत. आकडे स्थिर दिसावेत म्हणून संवेदकाचे डॅम्पिंग (आकड्यांची सरासरी काढून चढउतार दाबणे) वाढवू नये. माहिती उशिरा पोहोचली की सुकाणू उशिरा फिरते आणि बोट नागमोडी जाते; मग दोष विनाकारण सुकाणूच्या पंपावर येतो. पोलादी बोटीत दोन अँटेनांचे उपग्रह होकायंत्र खर्चिक असले तरी उत्तम, फक्त वर आकाश मोकळे हवे.

जागेची निवड किमतीपेक्षा महत्त्वाची. १९०४ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींचे काम कुलाब्याहून अलिबागला नेले, कारण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. बोटीतही तोच शत्रू आहे. एकट्या तारेतून १० अँपिअर वाहत असतील तर ३० सेंमीवर सुमारे ६.७ मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होते. मुंबईजवळ पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे दिशा १० अंशांपर्यंत ढळू शकते. एक मीटरवर ही चूक ३ अंशांवर येते. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन नेली की बरेचसे क्षेत्र मावळते. हा उपाय फुकटचा आहे आणि नेमका हाच राहून जातो.

फायबर वा लाकडी बोटीत संवेदक खाली, मध्यरेषेजवळ आणि डुलण्याच्या केंद्राजवळ भक्कम भिंतीवर बसवावा, पितळी स्क्रूंनी. इंजिन, स्पीकर, सुकाणूची मोटर यांपासून निदान एक मीटर अंतर ठेवावे. नांगराच्या साखळीचा कप्पा टाळावा, कारण साखळी बाहेर गेली की बोटीतल्या लोखंडासाठी संवेदकात केलेली दुरुस्तीच खोटी ठरते. बाकाखाली नंतर कोणी हत्यारांची पेटी ठेवणार नाही याचीही खात्री करावी. पोलादी बोटीत संवेदक डेकच्या वर, पितळी वा ॲल्युमिनियमच्या आधारावर न्यावा.

भोके पाडण्याआधी त्या जागी हातातले होकायंत्र धरून दिवे, पंप, वायरलेस एकेक करून चालू करावेत; काटा हलला तर जागा बदलावी. संवेदकावरील बाण नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) आणि मध्यरेषेला समांतर असावा. एनएमईए २००० (बोटीवरील उपकरणे जोडणारे प्रमाणित जाळे) असल्यास मुख्य तारेपासून संवेदकापर्यंतची शाखातार ६ मीटरपेक्षा लांब नसावी. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्यास वीज बंद करून मोजलेला रोध सुमारे ६० ओहम येतो.

मग बोटीच्या लोखंडामुळे होणारी चूक संवेदकाला स्वतः ओळखून दुरुस्त करता यावी म्हणून शांत पाण्यात, सगळी उपकरणे नेहमीसारखी चालू ठेवून, संथ आणि एकसारख्या वेगाने निदान दोन पूर्ण फेऱ्या माराव्यात. विचलन (बोटीतल्या लोखंडाने व प्रवाहाने होणारी दिशेची चूक) १५ अंशांहून अधिक निघाल्यास गणिती दुरुस्तीवर विसंबू नये, जागाच बदलावी. शेवटी नकाशावरील दोन खुणा एका रेषेत धरून उरलेला कोनीय फरक नोंदवावा. मुंबईजवळ दिक्पात (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील कोन) एका अंशाच्या आत असल्याने खरी आणि चुंबकीय दिशा यांची गल्लत इथे खपून जाते, न्यूझीलंडजवळ मात्र ती २० अंशांच्या घरात जाते. वेल्डिंग, वीज पडणे किंवा पोलादी बोट महिनोन्महिने एकाच दिशेला बांधून ठेवणे, यांनंतर फेऱ्या पुन्हा माराव्या लागतात.