प्रिंटर कचरा छापतो तेव्हा: २००२ पासूनची पार्श्वभूमी

इंदूरला रामबाग, राजवाडा भागातल्या लहान ऑफिसांत अजून एकच मांडणी दिसते: एका जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायचा आणि तोच सगळ्यांना शेअर करायचा. एके दिवशी प्रिंटर पानांमागून पानं काढत सुटतो. पानावर एखादी ओळ अगम्य खुणा, बाकी कोरं. मग प्रिंटर उचलून सिल्व्हर मॉलला दुरुस्तीला जातो. दोष बहुधा त्याचा नसतोच.

३० सप्टेंबर २००२ रोजी सापडलेला बगबेअर हा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) नेटवर्कवर शेअर केलेल्या प्रत्येक जागी स्वतःची प्रत टाकायचा. शेअर केलेला फोल्डर कोणता आणि प्रिंटर कोणता, हे त्याला कळत नसे. प्रिंटर ती प्रोग्रॅमची फाइल मजकूर समजून छापायचा. फाइलमध्ये १२ क्रमांकाचा बाइट आला की तो ‘पान बदल’ असा हुकूम ठरतो, म्हणून दोनचार खुणांवर पान संपायचं.

जून २०१२ मधल्या मिलिसेन्सो ट्रोजनची (साधा प्रोग्रॅम भासवून घुसणाऱ्या व्हायरसची) गोष्ट वेगळी. भारताला त्याचा मोठा फटका बसला. त्याची फाइल थेट विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात, ‘प्रिंटर्स’ नावाच्या उपफोल्डरात पडायची आणि स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) ती छपाईचं काम समजून पुढे पाठवायचा. अशी एसपीएल (रांगेतल्या छपाईच्या कामाची) फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिलीच दोन अक्षरं ‘एमझेड’ दिसतात. विंडोजचा प्रोग्रॅम असाच सुरू होतो. खऱ्या छपाईच्या फाइलची सुरुवात अशी नसते.

प्रिंटर बंद-चालू करून हे थांबत नाही, कारण काम कॉम्प्युटरच्या रांगेत शाबूत असतं. आधी प्रिंटरची केबल काढा. रांग पुसण्याआधी ‘ओनर’ रकाना बघून ठेवा, काम कोणाच्या नावावर आलं ते तिथेच कळतं. मग प्रिंट स्पूलर सर्व्हिस थांबवा, ‘प्रिंटर्स’मधल्या एसपीएल आणि एसएचडी (त्याच कामाची माहिती ठेवणारी) दोन्ही फाइली काढा (फोल्डर मात्र राहू द्या) आणि सर्व्हिस सुरू करा. संशयित मशीन नेटवर्कपासून तोडून ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू न करता व्हायरसची तपासणी) होईपर्यंत परत जोडू नका. ही घाई सगळ्यांत महागात पडते: रांग साफ, पण रोग तिथेच.

आजच्या बऱ्याच तक्रारी मात्र व्हायरसच्या नाहीत, त्याच्यावरच्या उपायांच्या आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) मधल्या भोकातून पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या मशीनवर एसएमबी १ येणं बंद झालं आणि जुन्या ऑल-इन-वन प्रिंटरचं ‘स्कॅन टू फोल्डर’ (स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरात टाकणं) अडलं. प्रिंटरचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) अपडेट करा, नाहीतर स्कॅन एफटीपीने (फाइली पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीने) पाठवा. एसएमबी १ परत चालू करणं आम्हांला मुळीच मान्य नाही.

२०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर या प्रिंट स्पूलरमधल्या भोकावरचा पॅच आला, ऑगस्टपासून ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागू लागला आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ‘११बी’ने संपणारा एरर येऊ लागला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) एक आकडा शून्य केला की तो जातो, आणि सोबत संरक्षणही जातं. प्रिंटर शेअर करणारं आणि त्यावर छापणारं, दोन्ही मशीन अपडेट करा. प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर त्याला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या आणि प्रत्येक कॉम्प्युटर टीसीपी/आयपी पोर्ट ९१०० वरून थेट जोडा. मधलं जुनं मशीन सुटतं. राउटरवर हाच पोर्ट बाहेरून उघडा नाही ना, तेही तेव्हाच तपासा. २०१७ मध्ये असे उघडे प्रिंटर गाठून अनोळखी माणसाने त्यांवर संदेश छापले होते.