हेल्गेसेन, ओसा
(१८७७–१९६८). नॉर्वेतील पहिल्या स्त्री महापौर, पेशाने सुईण. हाउगेसुंद शहराच्या पश्चिमेस, भर समुद्रात असलेले उत्सिरा हे बेट त्यांचे कार्यक्षेत्र. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम ६ चौ. किमी. उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक बंदर, मासेमारी, थोडी शेती आणि १८४४ पासूनचे दीपगृह एवढाच येथील पसारा.

नॉर्वेत सुईणीच्या कामाला फार आधी शासकीय मान्यता मिळाली. सुईणींची शाळा क्रिस्तियानियात (आजचे ऑस्लो) १८१८ मध्ये, तर बर्गेनमध्ये १८६१ मध्ये निघाली. शिकून आलेल्या सुईणीला ठरावीक हद्द नेमून दिली जाई. खेड्यातल्या स्त्रीला सार्वजनिक जबाबदारीचे पद क्वचितच मिळे, त्या काळातली ही गोष्ट आहे. उत्सिरासारख्या बेटावर समुद्र खवळला की होडी घालता येत नसे. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीची सारी भिस्त सुईणीवरच असे. घरोघरच्या अडचणी तिच्याइतक्या जवळून फार थोड्यांना ठाऊक असत.

नॉर्वेतील स्त्रियांना स्थानिक निवडणुकांत मताधिकार मिळाला तो १९०१ मध्ये, पण तोही ठरावीक उत्पन्नावर कर भरणाऱ्यांना किंवा तसा कर भरणाऱ्यांच्या पत्नींना. ही अट १९१० मध्ये गेली. तरी परिषदांवर निवडून येणाऱ्या स्त्रिया मोजक्याच राहिल्या.

उत्सिरा १९२४ मध्ये तोर्वास्ताद येथून वेगळे होऊन स्वतंत्र पालिका बनले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत स्त्रियांच्या नावांची यादी पुढे आली. ती आधी चेष्टेत निघाली होती, असे सांगतात. मतमोजणीनंतर मात्र १२ पैकी ११ जागांवर स्त्रिया निवडून आलेल्या होत्या. परिषदेने आपल्यातूनच अध्यक्ष निवडायचा असल्याने ते पद हेल्गेसेन यांच्याकडे आले. ग्रामीण पालिकेतील हे पद आपल्याकडच्या सरपंचपदाच्या जवळचे आहे.

या घटनेची आठवण बहुधा गंमत म्हणूनच काढली जाते. ते अन्यायाचे आहे. यादी कशीही निघालेली असो, तिला मते देणारे बेटावरचेच मतदार होते, आणि १९२६ ते १९२८ या काळात पालिकेचा कारभार या स्त्रियांच्या बहुमतानेच चालला. मुदत संपल्यावर त्या पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.