व्हीएस कोड, डॉटनेट आणि कुलूप नेमकं कुठे

‘व्हीएस कोड ओपन सोर्स आहे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या या, प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरचा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली (कुणीही वापरा, बदला, वाटा) खुला झाला. आपण साइटवरून उतरवून घेतो तो प्रोग्रॅम मात्र त्याच कोडवर कंपनीचं नाव, लोगो, टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीकडे पाठवणारा भाग) आणि एक्स्टेंशन्स, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, जिथे मिळतात त्या मार्केटप्लेसचा पत्ता चढवून बांधलेला असतो. त्याचं लायसन्स वेगळं, कंपनीचं स्वतःचं. मार्केटप्लेसच्या अटींनुसार तिथली एक्स्टेंशन्स फक्त कंपनीच्याच उत्पादनांत वापरायची, म्हणून व्हीएसकोडियम (त्याच खुल्या कोडवरून, कंपनीच्या जोडण्यांविना बांधलेला एडिटर) वापरणारे ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या भांडाराकडे वळतात. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन चोख शब्द हाताशी असून आपण सर्रास ‘फ्री’ म्हणतो आणि घोळ घालतो. एडिटर मोफत आहे, त्याचा कोड मुक्त आहे, पण उतरवलेली फाइल मुक्त नाही.

याचं फारसं कुणाला काही वाटत नव्हतं. 2019 मध्ये दूरच्या मशीनवर काम करण्यासाठी रिमोट एक्स्टेंशन्स आली, 2020 मध्ये पायथनसाठी पायलान्स. दोन्ही मोफत, दोन्हींचा कोड बंद. पहिल्या दिवसापासून कुलपात असलेल्या गोष्टीवर लोक कुरकुरतात आणि ती वापरतातही.

ऑक्टोबर 2021 मध्ये मात्र दिलेलं परत घ्यायचा प्रयत्न झाला. डॉटनेट हा प्रोग्रॅम बांधण्या-चालवण्याचा कंपनीचा खुला संच; त्याच्या डॉटनेट 6 च्या प्रीव्ह्यूंमध्ये, म्हणजे चाचणी-आवृत्त्यांमध्ये, हॉट रीलोड होतं: टर्मिनलमध्ये ‘डॉटनेट वॉच’ चालू ठेवायचं, फाइल सेव्ह करायची, की चालू प्रोग्रॅम बंद न करता बदल लागू. अंतिम आवृत्ती तीन आठवड्यांवर आलेली असताना कंपनीने जाहीर केलं, की ही सोय आता फक्त व्हिज्युअल स्टुडिओ 2022 या, व्हीएस कोडहून वेगळ्या, मोठ्या एडिटरमध्ये मिळेल. म्हणजे विंडोजवर. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनलमधून काम करणाऱ्यांच्या हातून ती गेली. कारण सांगितलं, की जास्तीत जास्त लोकांना उपयोग व्हावा म्हणून ताकद एका जागी लावत आहोत. पण डॉटनेटच्या खुल्या रिपॉझिटरीतली (कोडच्या भांडारातली) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, सगळ्यांना दिसत होती, आणि तिच्यात सुमारे अडीच हजार ओळींचा, चालता कोड पुसलेला होता. चालतं फीचर पुसण्याला ‘प्राधान्यक्रम’ म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. गदारोळ झाला आणि तीन दिवसांत कंपनीने माघार घेतली. खुलाशात म्हटलं होतं, की तो कोड फक्त वापरात आणायचा नव्हता, चुकून पुसलाच गेला. 8 नोव्हेंबरला डॉटनेट 6 आलं, हॉट रीलोडसकट.

एक मात्र खरं, की कोड खुल्या रिपॉझिटरीत नसता तर तो पुसल्याचं बाहेर कळलंही नसतं.

कुठलं फीचर कुठे, याचा नियम या कंपनीने कधी लिहून दिलेला नाही. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबने दिला: फीचरची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्या हुद्द्यावरून ते कुठल्या प्लॅनमध्ये जाणार हे ठरतं. एकट्या डेव्हलपरचं असेल तर फुकट, मॅनेजरचं असेल तर पैसे. नियम आवडो न आवडो, आधीपासून माहीत असतो.

इकडे हॉट रीलोडनंतरही कुलपं वाढतच गेली. जून 2022 मध्ये व्हीएस कोडच्या सी-शार्प (डॉटनेटची मुख्य भाषा) एक्स्टेंशनचा नवा गाभा बंद राहील असं सांगितलं गेलं; पुढच्या वर्षी आलेल्या सी-शार्प डेव्ह किटचं लायसन्स व्हिज्युअल स्टुडिओच्या धर्तीवर होतं. एप्रिल 2025 मध्ये कर्सरसारख्या, याच कोडवर उभ्या राहिलेल्या एआय एडिटरांत सी-प्लस-प्लस एक्स्टेंशन चालेनासं झालं. अट जुनीच होती, ती तपासणारा कोड नवा. त्याच वर्षी जूनअखेर कोपायलट चॅट या कंपनीच्या एआय सहायकाच्या एक्स्टेंशनचा कोड एमआयटी लायसन्सखाली खुला झाला. ते ज्या सेवेशी बोलतं, ती बंदच आहे.