निरभ्र आकाशाखाली उसळणारा समुद्र

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात खवळलेला समुद्र आणि काळवंडलेले आकाश यांची जोडी पक्की बसलेली असते. पावसाळी वारा सुटतो, समुद्र उधळतो, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात जातात. समुद्राची लहर आपल्याकडे आधी आकाशात दिसते. हवाई बेटांपैकी ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, वायमेआ बे नावाच्या अर्धचंद्राकृती पुळणीवर, ही जोडी पूर्णपणे मोडते. तिथे जानेवारीतल्या एखाद्या सकाळी आकाश स्वच्छ निळे असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहत असतो, ऊन कोवळे असते, आणि समोर तीन-चार मजली इमारतीएवढ्या उंच लाटा एकामागून एक उभ्या राहून कोसळत असतात. किनाऱ्यावर नव्याने आलेला प्रवासी आकाशाकडे पाहून निर्धास्त होतो. या किनाऱ्यावर सर्वांत घातक ठरणारी चूक हीच आहे, आणि ती समजून घ्यायची तर लाट कुठे जन्मते, कशी प्रवास करते आणि कुठे मोडते हे पाहावे लागते.

हवाई बेटे पॅसिफिक महासागराच्या जवळजवळ मध्यावर आहेत. कॅलिफोर्नियाचा किनारा तिथून सुमारे ३,८०० किलोमीटर, तर जपान ६,००० किलोमीटरहून अधिक दूर आहे. हिवाळ्यात जपानच्या पूर्वेपासून अल्यूशन बेटांपर्यंतच्या पट्ट्यात कमी दाबाची प्रचंड वादळे एकापाठोपाठ एक सरकत असतात. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोरात वाहतो, किती वेळ वाहतो आणि किती लांबवर अखंड पाण्यावरून वाहतो. तळ्यावर कितीही मोठा झंझावात आला तरी दहा मीटरची लाट उठत नाही, कारण तिथे वाऱ्याला धावायला जागाच नसते. उत्तर पॅसिफिकमध्ये ती हजार-दीड हजार किलोमीटर मिळते, आणि तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येतात.

वादळाखालचा समुद्र मात्र सर्फिंगच्या, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या, मुळीच कामाचा नसतो. तिथे लहान-मोठ्या, आडव्या-तिरक्या लाटांचा नुसता गोंधळ माजलेला असतो. त्या गोंधळातून सुबक, समांतर, एकसारख्या अंतराने येणाऱ्या लाटा निर्माण होतात त्या प्रवासामुळे. वाऱ्याच्या तावडीतून सुटून स्वतःच्या बळावर दूर निघालेल्या या लाटांना स्वेल म्हणतात, आणि या प्रवासामागचा नियम मला लाटांच्या साऱ्या शास्त्रातला सर्वांत सुंदर नियम वाटतो.

हवेत सगळे आवाज एकाच वेगाने जातात. तसे नसते तर देवळातली आरती मागे बसलेल्याला बेसूर ऐकू आली असती. खोल पाण्यातल्या लाटांचे तसे नाही. तिथे ज्या लाटेचा आवर्तकाल, म्हणजे एक शीर्ष गेल्यापासून दुसरे शीर्ष येईपर्यंतचा काळ, जास्त, ती लाट अधिक वेगाने जाते. लाटांच्या समूहाचा ताशी किलोमीटरमधला वेग काढायचा असेल तर सेकंदांतल्या आवर्तकालाला साधारण २.८ ने गुणावे. वीस सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी ५६ किलोमीटर वेगाने जातो, तर बारा सेकंदांच्या लाटांचा ताशी ३४ किलोमीटरने. वादळ ३,००० किलोमीटर दूर असेल, तर वीस सेकंदांच्या लाटा सव्वादोन दिवसांत ओआहूला पोहोचतात आणि बारा सेकंदांच्या लाटांना पावणेचार दिवस लागतात. लोलकातून जाताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात त्याला आपण अपस्करण म्हणतो. महासागरही तेच करतो, फक्त इथे रंगांऐवजी आवर्तकाल वेगळे होतात आणि लोलकाची रुंदी हजारो किलोमीटर असते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत प्रत्येक वेळी जवळजवळ एकाच आवर्तकालाच्या लाटा येतात, म्हणून त्या इतक्या शिस्तीत आलेल्या दिसतात.

यातून आणखी एक गोष्ट साधते. आवर्तकाल दिवसागणिक किती झपाट्याने घटतो हे मोजले, तर लाटा किती दुरून आल्या हे गणिताने काढता येते. वादळ जवळ असेल तर वेगवान आणि मंद लाटांमध्ये फार अंतर पडलेले नसते आणि आवर्तकाल भराभर उतरतो. दूर असेल तर तो सावकाश उतरतो. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी याच तत्त्वावर १९५० च्या दशकात मेक्सिकोजवळच्या ग्वादालूपे बेटापाशी अतिशय क्षीण लाटा नोंदवल्या आणि त्यांचा उगम थेट हिंदी महासागरात असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे १९६३ मध्ये त्यांच्या गटाने न्यूझीलंडपासून सामोआ आणि हवाईमार्गे अलास्कापर्यंत लाटा मोजणारी केंद्रे एका मोठ्या रेषेवर बसवली आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळांच्या लाटांचा विषुववृत्त ओलांडून १०,००० किलोमीटरहून अधिक अंतर पाठलाग केला. वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर या लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्ची पडते, हे त्यातून दिसले. पाणी स्वतः प्रवास करत नाही; पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो आणि पुढे जाते ती केवळ ऊर्जा. एवढ्या काटकसरीने एवढे अंतर जाणारी दुसरी वाहतूक पृथ्वीवर शोधूनही सापडणार नाही.

आता ही ऊर्जा किनाऱ्याला लागते तेव्हा काय होते ते पाहू. लाटेची हालचाल पाण्यात तिच्या तरंगलांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. आठ सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी सुमारे १०० मीटर, म्हणून तिला तळाची जाणीव ५० मीटर खोलीवर होते. वीस सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी ६०० मीटरहून अधिक, म्हणून तिला तळ ३०० मीटरवरच लागतो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद पसरलेली आहे आणि तिचा बराचसा भाग शंभर मीटरपेक्षा उथळ आहे. दक्षिणेकडून लांब आवर्तकालाची लाट आपल्याकडे आलीच, तर तिला किनारा गाठण्यापूर्वी दूरवर तळाशी घासत यावे लागते. ओआहू मात्र समुद्रतळातून उठलेल्या ज्वालामुखींचे शिखर आहे. त्याला खंडांसारखा रुंद उंबरठा नाही. किनाऱ्यापासून थोड्याच किलोमीटरवर तळ शेकडो मीटर खोल जातो आणि पुढे चार-पाच हजार मीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे हजारो किलोमीटर जपून आणलेली ऊर्जा अगदी शेवटच्या काही शेकडो मीटरमध्ये, जवळजवळ अखंड, किनाऱ्यावर ओतली जाते. खुल्या महासागरातील बेटाची पुळण आणि खंडाच्या कडेची पुळण यांतला खरा फरक हा आहे.

उथळ पाण्यात शिरताना लाट मंदावते, मागच्या लाटा तिच्या जवळ येतात, तरंगलांबी आखडते आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की शीर्ष तळाला मागे टाकून पुढे झुकते आणि लाट फुटते. ती कशी फुटेल हे तळाच्या उतारावर ठरते. मंद उताराच्या वाळूवर लाट वरून फेसाळत, हळूहळू विरत येते. आपल्या दापोली-गुहागरच्या रुंद पुळणींवर बहुतेकदा अशीच लाट दिसते. तळ एकदम वर आला तर शीर्षाला सावरायला वेळ मिळत नाही, ते पुढे फेकले जाते आणि लाटेच्या पोटात पोकळ बोगदा तयार होतो. वायमेआपासून काही किलोमीटरवर असलेल्या ‘पाइपलाइन’ या जगप्रसिद्ध ठिकाणी नेमके हेच घडते, कारण तिथे लाट खोल पाण्यातून एकदम उथळ खडकावर चढते. त्या बोगद्यातून बाहेर निसटणाऱ्या सर्फरच्या खाली पाणी जेमतेम दोन-तीन मीटर असते आणि त्याखाली कपारी असलेला कठीण खडक.

वायमेआची घडण वेगळी आहे. उपसागराचा मधला भाग खोल असल्याने लहान लाटा तिथे फुटतच नाहीत. इतर सर्व ठिकाणे हाताबाहेर जातात तेव्हा कुठे वायमेआचे टोक जागे होते. शिवाय तळावरचे उंचवटे लाटेला भिंगाप्रमाणे वळवतात. उथळ भागावरची लाट मंदावते, बाजूची पुढे जाते, आणि वक्रीभवनामुळे ऊर्जा एका जागी गोळा होते. त्यामुळे एकाच स्वेलच्या लाटा किलोमीटरभर अंतरावर निम्म्या किंवा दुप्पट उंचीच्या असू शकतात.

लाटेवर स्वार होण्याला हवाईची भाषा हेए नालू म्हणते, म्हणजे लाटेवरून घसरणे, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे नाव अतिशय अचूक आहे. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये या क्रीडेचे वर्णन लिहून ठेवले, तेव्हा ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती. सर्फर गुरुत्वाकर्षणाने लाटेच्या उतारावरून सतत खाली घसरत असतो आणि लाटेचा उतार सतत त्याच्याखाली वर येत असतो. वर चढणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली धावणाऱ्या माणसासारखी ही स्थिती आहे. अडचण असते ती सुरुवातीला. सहा मीटरची लाट फुटताना ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने पुढे सरकत असते आणि हातांनी वल्हवून माणूस त्याच्या पावपट वेगही कसाबसा गाठतो. म्हणून मोठ्या लाटांसाठी तीन मीटरच्या आसपास लांबीच्या, अरुंद फळ्या वापरतात, आणि १९९० च्या दशकात याहूनही मोठ्या लाटांसाठी जेट स्कीमागून दोरीने ओढून नेण्याची पद्धत सुरू झाली.

पर्यटकासाठी मात्र लाटेच्या उंचीपेक्षा तिची लय अधिक महत्त्वाची आहे. थोडाथोडका फरक असलेल्या आवर्तकालांच्या लाटा एकमेकींवर चढून कधी एकमेकींना वाढवतात, कधी पुसून टाकतात. त्यामुळे मोठ्या लाटा गटागटाने येतात. अशा गटाला सर्फर सेट म्हणतात. दोन सेटच्या मधे दहा-पंधरा मिनिटे, कधी त्याहूनही अधिक काळ, समुद्र फसवा शांत असतो. त्या शांततेत ओल्या वाळूवर फोटो काढायला गेलेली माणसे पुढच्या सेटमध्ये ओढली जातात. मोठ्या लाटांनी किनाऱ्यावर चढवलेले पाणी एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने परत फिरते आणि त्या प्रवाहाविरुद्ध पोहून कुणीही जिंकत नाही. म्हणून वायमेआसारख्या ठिकाणी पाण्याजवळ जाण्यापूर्वी किमान वीस मिनिटे कोरड्या वाळूवर उभे राहून समुद्र पाहावा, सर्वांत वरची ओली रेषा कुठे आहे ते हेरावे आणि जीवरक्षकाला विचारल्याशिवाय पाय भिजवू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. आपल्याकडच्या माणसाची सवय भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहण्याची असते, आणि मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करते तेव्हा ती योग्यही आहे. हवाईत हा चढ-उतार मीटरभरही नसतो. तिथे वेळापत्रक पाहायचे ते स्वेलचे.

डिसेंबर १९४३ मध्ये वुडी ब्राउन आणि डिकी क्रॉस हे दोन सर्फर जवळच्या सनसेट बीचवर पाण्यात उतरले. बघता बघता स्वेल वाढला आणि परतीची वाट बंद झाली. वायमेआचा मध्य खोल असल्याने तिथून किनारा गाठता येईल या आशेने ते काही किलोमीटर वल्हवत आले, परंतु तोवर लाटा उपसागराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुटू लागल्या होत्या. ब्राउन जिवंत किनाऱ्याला लागले. तरुण क्रॉस सापडलाच नाही. त्यानंतर १९५७ पर्यंत मोठ्या लाटांत वायमेआला उतरायला कुणी धजावले नाही. आज अशी अकस्मात गाठ पडण्याचे कारण उरलेले नाही, कारण कवाई बेटाच्या वायव्येला खोल समुद्रात नांगरलेले बोये लाटांची उंची आणि आवर्तकाल सतत कळवत असतात आणि त्यांच्या आकड्यांवरून ओआहूला काही तास आधी सूचना मिळते. आपल्याकडेही हैदराबादची इन्कॉइस ही संस्था दक्षिण हिंदी महासागरातून येणाऱ्या स्वेलचे इशारे देते. केरळात वारा-पाऊस नसताना अचानक घरांत शिरणाऱ्या या समुद्राला कल्लक्कडल, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे नाव आहे.

उन्हाळ्यात वायमेआ ओळखू येत नाही. उत्तरेची वादळे थांबतात, पाणी तळ्यासारखे स्थिर होते आणि मुले काठच्या मोठ्या खडकावरून उड्या मारतात. त्याच महिन्यांत दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांच्या लाटा बेटाच्या दुसऱ्या बाजूला, वाइकीकीला पोहोचत असतात. प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी शैवालांच्या भुग्याची वाळू ऋतूंबरोबर जागा बदलते. तिला फिरायला जागा लागते, आणि वाळूच्या अगदी कडेवर घरे बांधून ती जागा माणसाने अडवली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच उत्तर किनाऱ्यावरचे एक घर पुळणीवर कोसळले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक.

वायमेआचे जीवरक्षक एडी आयकाऊ १९७८ मध्ये, होकुलेआ ही पारंपरिक नौका समुद्रात उलटल्यावर, सोबत्यांसाठी मदत आणायला सर्फबोर्डवरून एकटेच निघाले आणि परत आले नाहीत. नौकेवरचे बाकीचे सर्व वाचले. आयकाऊ यांच्या नावाची सर्फिंग स्पर्धा लाटांचा दर्शनी भाग सुमारे बारा मीटर उंच होईल अशा दिवशीच भरते, म्हणून कित्येक वर्षे ती होतच नाही. २२ जानेवारी २०२३ रोजी ती झाली. त्या दिवशी पाणी पुळण ओलांडून प्रेक्षकांपर्यंत धावत आले. विजेता ठरलेला ल्यूक शेपर्डसन हा वायमेआचाच जीवरक्षक होता आणि त्या दिवशी त्याची पाळी होती. स्पर्धेतली आपली फेरी संपली की तो पुन्हा मनोऱ्यावर जाऊन पाण्याकडे नजर लावून बसत होता.