टायर निवडायचा, तर आधी माती बघा

घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते. आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने 1699 मध्ये मांडलेला हा नियम लाकडी ठोकळा आणि टेबल यांच्यापुरता उत्तम चालतो. पण जंगलात ओंडके ओढणारे यंत्र पाहिले की वर्गातला एखादा तरी विचारणारच, "मग याला एवढे रुंद टायर कशाला?" त्यावर "रुंद टायर म्हणजे जास्त पकड" असे उत्तर ठोकून दिले जाते. तेही पूर्ण खरे नाही, आणि जुन्या यंत्राला नवे टायर घ्यायची वेळ आली की हे अर्धसत्य चांगलेच महागात पडते.

या यंत्राला स्किडर म्हणतात. तोडलेल्या झाडांचे बुंधे मागच्या बाजूने उचलून धरायचे आणि शेंडे जमिनीवर फरफटत रस्त्यापर्यंत आणायचे, हे त्याचे काम. चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, चारही सारख्याच मापाची असतात, आणि वळताना चाके न वळता यंत्र कमरेतून मोडते, म्हणजे मधल्या सांध्यापाशी दुमडते. जॉन डिअर 440 किंवा टिंबरजॅक 230 यांसारखी जुनी स्किडर अजूनही काम करतात. इंजिन दणकट असते, टायर मात्र संपलेले. मग मालकापुढे प्रश्न येतो तो असा: मूळचा 18.4-34 घ्यायचा की रुंद 23.1-26?

आकडे वाचणे सोपे आहे. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. म्हणजे पहिला टायर सुमारे 47 सेंमी रुंद, दुसरा सुमारे 59. बाहेरचा व्यास दोघांचा जवळपास सारखाच, म्हणून ही अदलाबदल शक्य होते. रिम मात्र बदलावीच लागते. रुंदी पाव पटीने वाढली, तर ओढ, म्हणजे चाकाची खेचण्याची ताकद, पाव पटीने वाढेल का?

इथे आमाँताँला बाजूला ठेवून कूलाँला बोलवावे लागते. विजेच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला हा कूलाँ मुळात लष्करी अभियंता होता, आणि माती कधी ढासळते याचा त्याने अठराव्या शतकातच विचार केला होता. जंगलात रबर मातीवरून घसरत नाही. टायरच्या उंच रबरी पट्ट्या मातीत रुततात आणि पट्ट्यांमध्ये अडकलेली माती खालच्या मातीपासून कापली जाते. म्हणजे रबर किती चिकट आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. माती कापली जायला किती विरोध करते, त्यावर ओढ ठरते. हा विरोध दोन गोष्टींतून येतो. एक, मातीच्या कणांचे आपसांतले संसंजन, म्हणजे एकमेकांना धरून राहणे. दुसरे, कण एकमेकांवर घासल्याने होणारे घर्षण, आणि ते वरून येणाऱ्या वजनाबरोबर वाढते. चाकाची कमाल ओढ अशी लिहितात: ओढ = क्षेत्रफळ × संसंजन + वजन × टॅन फाय. फाय हा मातीच्या अंतर्गत घर्षणाचा कोन.

या एका ओळीवर माझा फार जीव आहे, कारण सगळा वाद तिच्यात मिटतो. समजा, एका चाकावर 20 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन भार आहे. खाली ओली चिकणमाती. तिच्यात फाय जवळपास शून्य, संसंजन धरू 20 किलोपास्कल. टायर 0.25 चौरस मीटर टेकला तर ओढ 5 किलोन्यूटन, 0.35 टेकला तर 7. वजन दुप्पट केले तरी आकडा हलत नाही, चाक फक्त आणखी खोल जाते. आता खाली कोरडी वाळू घ्या. संसंजन शून्य, फाय 30 अंश. ओढ येते सुमारे 11.5 किलोन्यूटन, मग टायर रुंद असो की अरुंद. म्हणजे वाळूत शाळेतला नियम परत येतो! तरीही वाळूत रुंद टायर उपयोगी पडतो, पण वेगळ्या कारणाने: तो कमी रुततो, त्यामुळे समोरची वाळू ढकलण्यात ताकद वाया जात नाही.

याच्याही पुढे एक पायरी आहे. हा विरोध माती थोडी सरकल्याशिवाय पूर्ण जागा होत नाही. चाक 20 टक्के घसरत असेल आणि टेकलेला भाग 60 सेंमी लांब असेल, तर पुढच्या टोकाची माती अजून सरकलेली नसते, मागच्या टोकाची 12 सेंमी सरकलेली असते. विरोध या सरकण्याबरोबर घातांकी वक्राने चढतो आणि मग सपाट होतो. त्या वक्राचे टेकलेल्या लांबीभर संकलन केले, की कळते की तेवढ्याच क्षेत्रफळात लांब ठसा आखूड-रुंद ठशापेक्षा सरस. म्हणून मोठा व्यास किंवा थोडी कमी हवा हे रुंदीइतकेच मोलाचे. हे शास्त्र उभे करणाऱ्यांत पोलंडमध्ये वाढलेले अभियंते बेकर अग्रणी होते. अपोलो 15 च्या वेळी, 1971 मध्ये, चंद्रावर फिरलेल्या गाडीच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

पण जंगलात चिखल बहुधा थरांत असतो. वर वीतभर राड आणि खाली टणक जमीन असेल, तर अरुंद टायर राड कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगत घसरतो. अशा ठिकाणी 18.4 आणि त्यावर लोखंडी साखळ्या हाच शहाणा पर्याय. राड खोल असेल तर 23.1.

ट्रॅक्टरचा टायर त्याच मापात स्वस्त मिळतो, तो घेण्याचा मोह टाळावा. तोडलेल्या झाडाचा बुडखा तिरका, भाल्यासारखा उभा असतो आणि तो नेमका टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतो. जंगलाच्या टायरची ती भिंत जाड असते, आणि अनेकांत नक्षीखाली पोलादी पट्टेही असतात. टायरवर एलएस-2 अशी खूण दिसली तर तो या कामासाठी बनवलेला आहे असे समजावे. त्यावरचा प्लायचा, म्हणजे थरांचा, आकडा ही मात्र थरांची मोजदाद नसते. सुती धाग्यांच्या काळात ती होती; आता तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. आणि कोणी टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे माहात्म्य सांगू लागला, तर साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, एवढे त्याला ऐकवावे.

जुन्या यंत्रात आणखी एक घात असतो, तो म्हणजे दोनच टायर बदलणे. बऱ्याच स्किडरमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गिअरने बांधलेले असतात, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. नव्या टायरची त्रिज्या 80 सेंमी आणि झिजलेल्याची 77 असेल, तर दर फेरीला एक जोडी दुसरीपेक्षा जवळपास 19 सेंमी जास्त चालू पाहते. चिखलात हा फरक घसरण्यात जिरतो. टणक रस्त्यावर तो जिरायला जागा नसते. मग गिअर आणि शाफ्ट पिळले जातात आणि शेवटी त्यातला सर्वांत कमकुवत दात तुटतो.

रुंद टायरने अ‍ॅक्सलवरही ताण वाढतो. कमरेतून मोडताना टायर चौकटीला घासू नये म्हणून रिम बाहेर सरकवली, की भार बेअरिंगपासून दूर जातो. 20 किलोन्यूटनचा भार 10 सेंमी बाहेर गेला, तर वाकवणारे आघूर्ण 2 किलोन्यूटन-मीटरने वाढते, आणि तेही आधीच झिजलेल्या बेअरिंगवर. तेव्हा 23.1 बसवायचा असेल तर आधी यंत्र दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आणि चौकट यांच्यात किती जागा उरते ते मोजावे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घ्यावेत, कारण माप तेच असले तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर वेगळा निघू शकतो. वापरलेले घ्यायचे असतील तर बसवून, ठरल्या दाबाची हवा भरून प्रत्येक चाकावर खडूने खूण करावी, सपाट जागी पूर्ण एक फेरी चालवावी आणि चारही अंतरे टेपने मोजावीत.