अर्ध्या अंगाचं रेडिएशन: सहा आणि आठ ग्रे आले कुठून?

कॅन्सर हाडाहाडांत पसरला की दुखणं एका जागी राहत नाही. आज कंबर, उद्या खांदा. प्रत्येक जागेला वेगळी 'लाईट' देत बसलं तर रुग्णाचे दिवस हॉस्पिटलच्या खेपांतच जातात. सगळं अंग एकदम किरणांखाली घ्यावं, हा विचार जर्मनीत फ्रीड्रिख डेसाउअर यांनी 1905 सालीच मांडला होता. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात ह्यूब्लाइन यांनी एका खोलीत चार रुग्णांना दूरच्या एक्स-रे नळीखाली दिवसचे दिवस मंद मात्रा दिली. ल्युकेमिया-लिम्फोमात (रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरात) उतार पडे, पण टिकत नसे. आणि मात्रा वाढवली की अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, कोलमडे.

टोरोंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटलातल्या फिट्झपॅट्रिक आणि रायडर यांनी 1976 मध्ये मांडलेला मार्ग साधा होता: एका वेळी अर्धंच अंग. उरलेल्या अर्ध्यातली मज्जा तोवर रक्त सांभाळते. रक्तपेशी सावरल्या की सहा-आठ आठवड्यांनी दुसरा अर्धा भाग.

घात झाला फुप्फुसांत. हवेमुळे त्यांची घनता पाण्याच्या पाव ते एक तृतीयांश. किरण कमी अडतात, म्हणून कागदावरच्या मात्रेपेक्षा प्रत्यक्षात जास्त पोचते. व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ही दुरुस्ती धरून हिशेब केला: फुप्फुसदाह सुमारे 7.5 ग्रेला (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) सुरू होतो, 8.2 ला 5 टक्के रुग्णांत, 9.3 ला 50 टक्के. 5 वरून 50 टक्के, जेमतेम 1.1 ग्रेत इतकी उडी! म्हणून फुप्फुसं असलेल्या वरच्या अर्ध्याला 6 ग्रे, खालच्याला 8. अमेरिकेतल्या 1986 च्या अहवालात 73 टक्के रुग्णांचं दुखणं कमी झालं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं 48 तासांतच.

मशीनचं नेहमीचं क्षेत्र एक मीटरवर 40 बाय 40 सेंटिमीटर, म्हणून रुग्णाला जमिनीलगत झोपवून अंतर वाढवतात. अर्धी मात्रा पुढून, अर्धी मागून. बेंबीजवळची सीमारेषा त्वचेवर पक्की गोंदायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या वेळी तिथल्या आतड्याला दोनदा मात्रा बसते. आधी सलाईन आणि उलटी रोखणारी डेक्सामेथासोन, ऑन्डान्सेट्रॉन ही औषधं; हे दिलं नाही तर वरच्या भागानंतर तासाभरातच उलट्या सुरू होऊ शकतात.

पुढे शिरेतून देण्याची किरणोत्सारी औषधं आली. समेरियम-153 हाडांच्या गाठींत जाऊन बसतं, आणि ते आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुभट्टीत बनतं. अर्धायुष्य 46 तासांचं, म्हणून साठवून ठेवता येत नाही. शिवाय हाडाबाहेर वाढलेल्या गाठीवर ते चालत नाही; तिथे बाहेरूनच किरण द्यावे लागतात.